अकरा नंबरखालची टिकली

कलादालन लोकांसाठी दहाला उघडतं. मी साडेआठला पोचतो. पंचवीस वर्षं हाच शिरस्ता आहे. गर्दीत चित्र दिसत नाही, माणसांच्या पाठी दिसतात, आणि त्यातल्या एखाद्या पाठीला हटकून प्रश्न पडलेला असतो की ह्यात नेमकं काय काढलंय. हा प्रश्न कानावर आला की माझं डोकं फिरतं. म्हणून मी आधी जातो. शालूबाई फरशी पुसत असते, तिच्या ओल्या फरशीच्या कडेकडेनं चालत एकट्यानं चित्रं बघून घेतो. चित्रकारांना हे माहीत आहे. कुणी हरकत घेत नाही, कारण मी चित्र विकत घेणारा माणूस आहे आणि कोल्हापुरात असली माणसं बोटावर मोजण्याएवढी आहेत.

माझं नाव जयसिंग. उचगावला माझं मशीन शॉप आहे, राहायला शाहूपुरीत. घरात त्रेसष्ट चित्रं आहेत. बायको संयोगिता म्हणते, आता फक्त गॅसच्या मागची भिंत उरली आहे, तिथंही एखादं लावा म्हणजे फोडणीसुद्धा मॉडर्न होईल. दर हिवाळ्यात मी दिल्लीच्या कला मेळ्याला जातो आणि तीन दिवस पाय सुजेपर्यंत हिंडतो. मुंबईला कामानं गेलो की एक दुपार संग्रहालयात काढतो. एवढं बघून बघून एक गोष्ट मला जमायला लागली. वीस चित्रांतलं टिकणारं कुठलं, ते मला दारातूनच समजतं. ह्याचा मला गर्व आहे, उगाच कशाला लपवू.

मुबशिरा ही माझ्या नजरेची पावती. मंगळवार पेठेतली पोरगी. चित्रकलेच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी प्रदर्शनात तिचं एक चित्र कोपऱ्यात, उभ्या पंख्याच्या मागं लावलं होतं. मी ते घेतलं. ती इतकी गांगरली की तिला किंमतच सांगता येईना. तेव्हापासून मी तिचा काका. आता ती शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी दुकानांच्या बंद शटरांची चित्रं काढते. लांबून बघितलं तर नुसते आडवे पट्टे, करडे, हिरवे, गंजलेले. जवळ गेलं की पट्ट्यांखाली खोडलेल्या अक्षरांचे तुकडे दिसतात. ती अक्षरं तिच्या बापाची. इलाहीभाई पेंटर. एके काळी शाहूपुरीतल्या निम्म्या दुकानांवरची नावं त्याच्या हातची होती. मग फ्लेक्स आला आणि इलाहीभाई घरी बसला.

पोरीचं एकही प्रदर्शन बघायला तो आला नव्हता. ही असली पट्ट्यापट्ट्यांची चित्रं म्हणजे चित्रंच नव्हेत, असं त्याचं म्हणणं. संग्रहालयात लागलं की बघायला येतो, असं त्यानं तिला सांगून टाकलं होतं. तिनं हे मला हसत हसत सांगितलं होतं. पण तिला ते लागलं होतं, एवढं मलाही समजलं.

दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन लागलं. आदल्या दिवशी तिचा फोन आला. मुंबईच्या एका संग्रहालयातल्या दीक्षा कांबळे दुपारी तीनला येणार होत्या. संग्रहालयाला आपल्या भागातल्या चित्रकारांचं एक कायमचं दालन करायचं होतं, त्यासाठी त्या एखादं चित्र निवडणार होत्या. एक चित्र तिथं लागलं की बापाला शब्द पाळायला यावं लागणार होतं.

सकाळी साडेआठला मी दालनात गेलो. वीस चित्रं होती. अकरा नंबरपाशी माझे पाय थांबले. तीन फुटांचं करडं शटर, खालच्या अंगाला हिरवा पट्टा, आणि वर उजवीकडं खोडलेल्या अक्षराच्या पोटात उरलेला बोटभर पिवळा. सगळं चित्र त्या बोटभर पिवळ्यावर उभं होतं. माझ्या घरात असलं एकही नव्हतं. आणि तिथं उभ्या उभ्याच मला समजलं की दीक्षाबाईसुद्धा हेच उचलणार. डोळे असलेल्या कुणीही हेच उचललं असतं.

मुबशिराला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, काका, दुपारपर्यंत थांबा. मग मला थांबावं लागलं असतं. म्हणून मी सांगितलं नाही. चित्र विकलं गेलं की त्याच्या खाली लाल टिकली चिकटवतात, ही सगळ्या दालनांची रीत. टिकली लागली की शब्द दिल्यासारखं असतं, त्या चित्राबद्दल मग दुसरा कुणी बोलत नाही. त्या दिवशी टिकल्यांचं पाकीट अजून आलं नव्हतं. मी शालूबाईकडं तिची कपाळाची एक टिकली मागितली. तिनं हात पदराला पुसले, पिशवीतून पाकीट काढलं आणि एक मरून टिकली दिली. मी ती अकरा नंबरखाली अंगठ्यानं दाबली आणि चहा प्यायला बाहेर गेलो. शालूबाईला ह्यातलं काय समजतंय, असं मी धरून चाललो होतो.

दीक्षाबाई तीनला आल्या. पाऊण तास होत्या, त्यातला अर्धा तास अकरा नंबरसमोर. मग त्यांचं लक्ष टिकलीकडं गेलं. ज्यांनी घेतलं ते संग्रहालयासाठी सोडतील का, असं त्यांनी विचारलं. मुबशिरानं घाईघाईनं नोंदवही उघडली. वहीत नाव नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, कारण गावातला प्रत्येक घेणारा मला ठाऊक असतो. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

"पुण्याचं एक पावणं आलतं सकाळी," मी म्हणालो. "सोडायचं न्हाईत ते."

दीक्षाबाईंनी बाकीची चित्रं पुन्हा एकदा बघितली. हात चांगला आहे, पण ह्यातलं दुसरं कुठलं आत्ताच न्यावं असं वाटत नाही, काम करत राहा, मी परत येईन, असं सांगून त्या गेल्या. मुबशिरा त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडून आली आणि पंख्याखाली बसून राहिली. मला वाईट वाटलं. टिकली काढून टाकावी इतकं वाटलं नाही, हेही खरं.

पुण्याच्या माणसाच्या नावानं पैसे मीच दिले. चित्र पोचवतो म्हणून मीच घेऊन आलो आणि माडीवरच्या खोलीत कपाटामागं ठेवलं. भिंतीवर लावायची सोय नव्हती. ईदला मुबशिरा शीरखुर्म्याचा डबा घेऊन येते आणि नवीन काय घेतलं म्हणून सगळं घर फिरून बघते. त्यामुळं रविवारी दार लावून मी ते बाहेर काढायचो, खुर्चीवर टेकवायचो आणि समोर बसायचो. हे चोरीचं आहे का, असं संयोगितानं एकदा विचारलं. मी तिच्यावर खेकसलो. चित्र चार माणसांना दाखवता आलं नाही की ते असण्याचं निम्मं सुख जातं. उरलेलं निम्मं मी दोन वर्षं घेतलं.

यंदाच्या मार्चमध्ये तिचं दुसरं प्रदर्शन लागलं. निमंत्रण नेहमीसारखं घरी आलं. मी साडेआठला पोचलो तर दारातच खुर्ची टाकून इलाहीभाई बसला होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. तो आलाय हे बघून मला बरं वाटलं. मी नमस्कार करून आत गेलो.

आत चोवीस चित्रं होती, आणि चोवीसही चित्रांखाली टिकली होती. शेवटची शालूबाई माझ्यासमोर अंगठ्यानं दाबत होती. मरून रंगाची. एवढ्या सकाळी एवढी चित्रं गेली कशी, असं मी तिला विचारलं. तिनं बादली उचलली आणि मागच्या दारानं निघून गेली. उत्तर माझ्या पाठीमागून आलं, इलाहीभाईकडून.

"आज पुण्याचं पावणं न्हाई आलं व्हय?"

माझे कान तापले. मुबशिरा स्टुलावर उभी राहून दिवा वळवत होती. तिनं तो नीट वळवला, मग खाली उतरली. सगळं तिनं शाळेत हजेरी घ्यावी तसं सांगितलं. टिकली कुणाची आणि कुणी मागून घेतली, हे शालूबाईनं तिला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. शालूबाई बारा वर्षं हे दालन झाडते, चित्राखालच्या टिकलीचा अर्थ तिला पाठ आहे. आजच्या टिकल्या दहाला दार उघडलं की निघणार होत्या. त्या दहाच्या आत येणाऱ्यासाठी होत्या. तिचा बापही चित्रं बघायला नव्हे, दारावर राखण करायला आला होता. दीक्षाबाई अकराला येणार होत्या.

मग दोन वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"माझं पयलं चित्र तुमी घेतलासा काका," ती म्हणाली. "तवा कोण बघत बी नव्हतं. म्हटलं, एकदा सोडायचं. दोनदा न्हाई."

मी बाहेर पडलो. शाहूपुरीत पोचेपर्यंत माझा सगळा राग शालूबाईवर होता. घरचा जिना चढताना तो संपला आणि मला माझीच लाज वाटली. कपाट सरकवलं, चित्र चादरीत गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर आडवं धरून परत आलो. दहाला पाच कमी होते.

मी चित्र भिंतीला टेकवलं आणि चादर काढली. इलाहीभाई खुर्चीवरून उठला. चष्मा काढून अगदी जवळ गेला आणि त्या बोटभर पिवळ्याच्या समोर, न टेकवता, बोट धरून उभा राहिला.

"ह्यो पिवळा माझा न्हाई," तो म्हणाला. "मी त्यात वाईच शेंदरी घालत हुतो." मग हवेतच त्या अक्षराच्या वळणावरून बोट फिरवलं. "पर अक्षर माझंच हाय की."

त्याचे डोळे भरले होते. पोरगी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हे दोन वर्षांपूर्वीच मुंबईच्या संग्रहालयाच्या भिंतीपाशी व्हायचं होतं, आणि ते मी कपाटामागं ठेवलं होतं. चित्र तू परत घे, असं मी मुबशिराला म्हणालो. विकलेलं चित्र मी परत घेत नाही, असं तिनं सांगितलं. तिनं ते दाराजवळच्या मोकळ्या भिंतीवर लावलं, एक कार्ड घेतलं आणि त्यावर तिच्या बापाच्या वळणाच्या अक्षरात लिहिलं, 'जयसिंग घोरपडे, शाहूपुरी, कोल्हापूर, यांच्या संग्रहातून'. तोवर शालूबाईनं सगळ्या टिकल्या नखानं काढून टाकल्या होत्या.

अकराला दीक्षाबाई आल्या तेव्हा दालनात वीस-पंचवीस माणसं होती. बहुतेक सगळी मला ओळखणारी. बाई दारातच थांबल्या, चित्र बघितलं, कार्ड वाचलं, पुन्हा चित्र बघितलं.

"हे तर पुण्याच्या कुणीतरी घेतलं होतं ना?" त्यांनी मुबशिराला विचारलं.

मुबशिरानं माझ्याकडं बघितलं. इलाहीभाई फरशीकडं बघत होता. पुण्याच्या माणसानं मला विकलं, असं मी म्हणू शकलो असतो. तिथं मला कुणी खोटं पाडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

"पुण्याचं कोण नव्हतंच," मी म्हणालो. "टिकली मीच लावलीती. तुमच्या हाती लागू ने म्हणून."

ज्यांच्यासमोर मी पंचवीस वर्षं चित्रांवर बोललो ती माणसं माझ्याकडं बघत होती. दीक्षाबाईही बघत होत्या. त्या मला काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, आता संग्रहालयासाठी द्याल का.

त्या हे विचारणार, हे मला सकाळपासून माहीत होतं. तरी मी त्या पिवळ्याकडं बघितलं. मला ते चित्र हवं होतं. अजूनही हवं आहे.

"न्या," मी म्हणालो.

बाईंनी डायरीत लिहून घेतलं. मग आत जाऊन नवी चित्रं बघितली आणि त्यातलं सतरा नंबरही लिहिलं. इलाहीभाई त्यांना विचारत होता की संग्रहालयात जायला तिकीट पडतं का आणि ते कुठल्या वारी बंद असतं. मुबशिरा त्याच्याकडं बघून हसत होती. आपलं इथं काही काम उरलं नाही, असं वाटून मी निघालो.

पायऱ्यांपाशी ती मागून आली. आता ती काय बोलेल, ह्याची मला भीती वाटली. तिनं दाराशेजारच्या वेळापत्रकाच्या पाटीवर हात ठेवला.

"पुढच्या टायमाला दहाला या काका," ती म्हणाली. "दार दहालाच उघडतंय."

मी बरं म्हणालो आणि पायऱ्या उतरलो.