टिल्लूची सीट

"गुडघा टेकवा, गुडघा! सगळं वजन टाका आणि मग पट्टा ओढा!"

ताई ओरडली तसे अर्धे गाडीच्या आत, अर्धे बाहेर असलेल्या जावईबापूंनी बाळाच्या सीटमध्ये गुडघा रोवला आणि दातओठ खाऊन पट्टा खेचला. ताईने सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. जागची हलेना.

"पण तोंड मागच्या काचेकडे? बाळाला रस्ता दिसणार कसा?"

"आजच लायसन्स काढायचंय का तिचं? मान कच्ची असते. चांगली मोठी होईपर्यंत उलटंच बसायचं."

हॉस्पिटलच्या दारातल्या बाकावर ताईची धाकटी बहीण मांडीवर लेक घेऊन बसली होती. हसताना टाके दुखत होते, तरी हसू आवरत नव्हतं. परवा जन्मलेली लेक आज घरी जायची होती आणि सकाळपासून कुणाचे पाय जमिनीवर नव्हते.

ताई गाडी चालवायला शिकवायची. क्लच आणि ब्रेक यांतला फरक तिने अर्ध्या गावाच्या डोक्यात घातला होता. "माझ्या गाडीला आजवर ओरखडासुद्धा नाही," हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस विरळा.

धाकटीला खाली घेऊन आलेली सिस्टर गाडीत डोकावली.

"सीट नवी घेतलीत?"

"छे! ताईंच्या टिल्लूची आहे," जावईबापू म्हणाले.

"कुठल्या धडकेत सापडलेली नाही ना? विचारावं लागतं."

"ताई आणि धडक?" जावईबापू खो-खो हसले. "अहो सिस्टर, अख्खं गाव गाडी शिकतं यांच्याकडे!"

ताईही हसली. हात मात्र पट्ट्यावरच राहिला. गेल्या वर्षी, मागे रडणाऱ्या टिल्लूकडे वळून बघताना तिने गाडी थेट विजेच्या खांबावर घातली होती. बोनेट पार चेपलं. टिल्लू याच सीटमध्ये होता. गाडी 'सर्व्हिसिंगला' गेली, खांबाने काही तोंड उघडलं नाही आणि ओरखड्याचं वाक्य तसंच चालू राहिलं. जावईबापूंनी हौसेने सीट मागितली तेव्हा तिला नाही म्हणता आलं नव्हतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आता बोललं तर आयुष्यभराची मिजास सिस्टरसमोर, जावयासमोर एका वाक्यात उतरणार होती. तिला फार लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली.

"सापडलीय," ती म्हणाली.

"काय?"

"धडकेत. मीच घातली होती गाडी, खांबावर. कुणाला सांगितलं नाही. ही सीट नाही चालायची. आतून कुठे तडकली असेल तर वरून कळत नाही."

जावईबापूंनी सीटवर एक थाप मारली.

"चांगली ठणठणीत दिसतेय की. घर तर इथल्या इथे आहे, ताई. आजच्यापुरती चालवून घेऊ."

"मीही घराजवळच होते."

तरी त्यांची नजर सीटवरून हलेना. बाळाला घरी न्यायची घाई ताईलाही कळत होती.

"सिस्टर, कात्री आहे?"

सिस्टरने खिशातून काढून दिली. बाळाला बांधायचा सीटचा पट्टा चिवट होता. ताईने रेटून एक कापला, मग दुसरा. दोन्ही तुकडे लोंबकळायला लागले.

"आता कुणाला मोह व्हायला नको," ती म्हणाली आणि बोलणी खायच्या तयारीने धाकटीकडे वळली.

धाकटीने लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं.

"त्या दिवशी टिल्लू होता हिच्यात?"

"होता."

"काय झालं त्याला?"

"काही नाही. आधी रडत होता, तो नंतरही रडतच होता."

धाकटीने एकदा त्या कापलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"मग उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "दुकान गाठ. आणि अगदी अश्शीच आण."