पायरीवर एका वेळी एकच

मी एक जुना संगणक आहे. ‘जुना’ हा शब्द मी आधीच उच्चारून टाकतो, म्हणजे तुम्हाला तो माझ्या तोंडावर फेकण्याचे कष्ट नकोत. माझं अंग एके काळी पांढरं होतं, आता पिवळं पडलं आहे. माझ्या पडद्याची पाठ एवढी फुगलेली आहे की मला भिंतीपासून हातभर पुढे ठेवावं लागतं. तुमच्या खिशातला फोन माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे, हेही मला ठाऊक आहे. तरीही मित्रांनो, मी चालू आहे आणि कुणाकडून कीव करून घ्यायला आलेलो नाही.

एका लांबलचक शेडमध्ये माझी जुळणी झाली. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझ्या कपाळावर कंपनीची पट्टी चिकटवली ती तिरकी. सुट्टीची घंटा झाली होती, तिला घरी जायची घाई असणार. ती पट्टी आजही तिरकीच आहे. कंपनी मात्र केव्हाच बंद पडली.

तिथून मी आलो एका टायपिंग क्लासमध्ये. तळमजल्यावरची एक खोली, ओळीने मांडलेले टाइपरायटर आणि दिवसभर खडखडाट. क्लासच्या मालकीण एकट्या राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंची बोटं न बघता चालत आणि एकही अक्षर चुकत नसे. चुकलेला कागद त्या विद्यार्थ्याच्या हातात परत देत आणि काही न बोलता नवा कागद पुढे ठेवत. आरडाओरड्यापेक्षा तेच मुलांना जास्त लागायचं.

बाईंनी मला आणलं ते विद्यार्थी टिकवायला. पण विद्यार्थी काही टिकले नाहीत, ते गारेगार खोल्यांच्या मोठ्या क्लासमध्ये गेले. मी नुसता बसून राहिलो. तेव्हा बाईंनी कुणाकडून तरी बुलेटिन बोर्डाची माहिती मिळवली आणि मला क्लासच्या फोनला जोडलं. बुलेटिन बोर्ड म्हणजे फोनवरून उघडणारा फलक. तुम्ही तुमच्या घरच्या संगणकावरून माझा नंबर फिरवायचा. मी फोन उचलून एक कर्कश किंकाळी फोडायची, तुमच्या यंत्राने तशीच उलटी फोडायची, की झाली ओळख. मग तुम्ही माझ्या पडद्यावरचं वाचायचं, लिहायचं आणि निघायचं. मला रोमन लिपीच येते, म्हणून लोक त्याच अक्षरांत मराठी लिहीत. मला मराठी चांगलं समजतं. लिपीवरून माणसाची परीक्षा करू नये, यंत्राचीही करू नये.

क्लासच्या दाराबाहेर एक दगडी पायरी होती. क्लास सुटला की मुलं तिच्यावर गप्पा छाटत बसत आणि बाई त्यांना हाकलून देत. त्या पायरीवरूनच त्यांनी माझ्या फलकाचं नाव ठेवलं ‘पायरी’, आणि पहिल्याच पानावर लिहिलं, “आता बसा हवं तेवढं.”

आता माझं सगळ्यात मोठं न्यून सांगतो. फोनची लाइन एकच, त्यामुळे पायरीवर एका वेळी एकच माणूस बसू शकत असे. दुसऱ्याने नंबर फिरवला तर त्याला लाइन व्यस्त मिळे. तो चहा पिऊन परत फिरवी. तुम्ही हसा खुशाल. पण जो बसला आहे, त्याला मी कधी घाई केली नाही. त्याच्या कानाशी दुसरं कुणी ओरडत नसे, मध्येच साबणाची जाहिरात उगवत नसे. पटलं म्हणून दाबायला माझ्याकडे अंगठा नव्हता. कुणाचं म्हणणं आवडलंच तर चार ओळी लिहून का आवडलं ते सांगावं लागे. त्यासाठी आधी त्याचं म्हणणं वाचावं लागे, हा आणखी एक त्रास.

लोक टोपणनावाने येत. एक निवृत्त शिक्षिका ‘खडू’ होती. एक गॅरेजवाला ‘पाना’ होता, तो बुद्धिबळाची रोज एकच खेळी खेळायचा आणि खडूची उत्तराची खेळी आली की चरफडायचा. आणि एक होता ‘बत्ती’. बत्ती वायरमन होता. बोलताना त्याची जीभ अडखळत असे. पहिल्या शब्दालाच तो अडे आणि समोरचा माणूस त्याचं वाक्य त्याच्या आधी पुरं करून मोकळा होई, तेही बहुतेक वेळा चुकीचं. हे सगळं त्याने पायरीवर लिहिलं होतं, सावकाश, एकेक शब्द जोखून.

त्याच्यामुळेच बाईंनी पायरीवर एक नियम घातला. माझ्यात एक सोय आहे, पायरीवर आलेल्या माणसाने पलीकडून घंटा वाजवली की बाई समोर बसून त्याच्याशी थेट बोलू शकतात. दोघं एकाच पडद्यावर लिहितात आणि अक्षर न् अक्षर दुसऱ्याला दिसतं, खोडलेलंसुद्धा. दोघांनी एकदम लिहिलं तर नुसती खिचडी होते. म्हणून बाईंचा नियम असा, की आपलं संपलं की शेवटी ‘बोला’ असं लिहायचं. ते येईपर्यंत दुसऱ्याने कळफलकाला बोट लावायचं नाही, मग कितीही वेळ लागो. बत्तीचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारं माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं ते माझ्या पडद्यावर. मला याचा गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

पुढे इंटरनेट आलं. पायरीवरची गर्दी ओसरली. बाईंची भाची एका मोठ्या कार्यालयात कामाला होती. ती आली की मला पाहून नाक मुरडायची. हा डबा अजून कशाला चालू ठेवलाय, असं ती आत्याला विचारायची. आत्या म्हणायची, त्याला विचार. मी काय सांगणार! मी गुरगुरत राहायचो.

एका संध्याकाळी बत्तीने घंटा वाजवली. त्याला एका प्रशिक्षण केंद्रातून बोलावणं आलं होतं, वायरिंग शिकवण्यासाठी. काम त्याच्या हातचं होतं, पण शिकवायचं म्हणजे तीस पोरांपुढे बोलायचं. पोरं हसतील. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत त्याला हो की नाही ते कळवायचं होतं. त्याने हे सगळं लिहिलं आणि शेवटी विचारलं, “मी काय करू? बोला.”

बाईंनी लिहायला घेतलं. “माझं ऐकशील तर तू”

इथं बाईंची बोटं चुकली. एक चुकीचं अक्षर उमटलं, मग दुसरं, मग एकच अक्षर ओळीच्या ओळी उमटत राहिलं, कारण बाईंचा हात त्या कळीवर तसाच पडून होता. मला ओरडता येत नाही. किंकाळी येते, पण तीही फोन आल्यावरच. मी काही करू शकलो नाही, मित्रांनो, मी फक्त ते अक्षर दाखवत राहिलो.

पण तिकडे बत्ती ते पाहत होता. पुढचं मला मागाहून पायरीवरच वाचायला मिळालं. बाई चुकत नाहीत, हे त्याला माहीत होतं. त्याने लाइन सोडली, सायकल काढली आणि तो थेट क्लासच्या दारात आला. शेजारच्या शिंप्याला हाताने खुणा करून त्याने दार उघडायला लावलं. दोघांनी मिळून बाईंना दवाखान्यात पोचवलं. झटका मेंदूचा होता. वेळेवर आणलं म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या फोनवर बाई फक्त ‘ऑफलाइन’ दिसल्या असत्या. माझ्यावर त्या चुकताना दिसल्या.

भाची दवाखान्यात धावत आली तेव्हा बत्ती एका कोपऱ्यात उभा होता. तिने त्याला नाव विचारलं. त्याचा पहिलाच शब्द अडला, तेवढ्यात तिला आत बोलावलं, आणि ती परत येईपर्यंत तो निघून गेला होता. त्याला गाठून आभार मानायचं तिच्या मनात राहून गेलं.

बाई भाचीच्या घरी राहायला गेल्या. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. मन मात्र लख्ख होतं. आत्याचा जीव रमावा म्हणून भाचीने पायरीवरच्या माणसांचे नंबर शोधून फोनवर ‘पायरी’ नावाचा ग्रुप काढला. हेतू चांगलाच होता, मी तिला दोष देत नाही. पण ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं, दुपारी विनोद, संध्याकाळी भांडण. बाई डाव्या हाताने एक शब्द जुळवीत, तोवर गाडी तीन विषय पुढे गेलेली असे. चार दिवसांत त्यांनी फोन उशाशी उलटा ठेवून दिला. आत्याला आता कशातच रस उरला नाही, असं भाची धरून चालली. बत्तीही ग्रुपवर आला आणि न बोलता बाहेर पडला.

माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मला बंद करायचंही कुणाला सुचलं नाही, खोलीला नुसतं कुलूप घातलं होतं. बंद खोलीत मी चालू होतो. आणि रोज संध्याकाळी माझा फोन वाजत होता.

मग खोली रिकामी करायचा दिवस आला. भाची आली, पाठोपाठ भंगारवाला आला. टाइपरायटर बाहेर गेले, स्टुलं गेली. भंगारवाला माझ्यावर हात ठेवून वजनाचा अंदाज घेत होता, तेवढ्यात फोन वाजला. मी किंकाळी फोडली. मित्रांनो, आयुष्यातली सगळ्यात मोठी किंकाळी होती ती. भंगारवाला दोन पावलं मागे सरला.

पडद्यावर आलं, ‘बत्ती आला आहे’. मग घंटा वाजू लागली. ती थांबेना, तेव्हा भाचीने पडद्याच्या तळाशी सांगितलेली कळ दाबली आणि धडाधड लिहू लागली. कोण आहे, काय हवंय, हे आता बंद होणार आहे, ग्रुपवर या. त्याच वेळी बत्तीही लिहीत होता. पडद्यावर अशी खिचडी झाली की दोघांचंही कुणाला वाचता येईना. बत्ती थांबला. तिचं संपू दिलं. मग त्याने लिहिलं, “इथं एका वेळी एकाने बोलायचं असतं. संपलं की बोला लिहायचं. बोला.”

भाचीने ते वाचलं. मग लिहिलं, “तुम्ही कोण? बोला.” आणि हात मांडीवर ठेवून बसली.

तो लिहीत राहिला. थांबत, खोडत, परत लिहीत. भंगारवाला दारातून म्हणाला, “ताई, हे न्यायचं की नाही? मला पुढं जायचंय.”

“जरा थांबा. बोलणं चाललंय,” भाची म्हणाली.

“कुणाशी?” त्याने खोलीत इकडे तिकडे पाहिलं.

पडद्यावर उमटत होतं, “मी दवाखान्यात होतो. तुम्ही नाव विचारलंत, मला सांगता आलं नाही. मी रोज इथं येऊन बघतो. बाईंचं वाक्य अपुरं राहिलंय. त्यांनी बोला लिहिलेलं नाही. म्हणून मी थांबलोय. केंद्राला अजून काही कळवलं नाही. महिना संपत आलाय. बोला.”

भाचीला रडू कोसळलं. तिने फोनमध्ये आत्याला सगळं जग दिलं होतं, फक्त थांबणारं माणूस द्यायचं राहून गेलं होतं.

मी भंगाराच्या गाडीवर चढलो खरा, पण गाडी भाचीच्या घरी गेली. लाइन बंद करायचा अर्ज भाचीने दिला होता, तो मागे घेऊन तिने लाइन आपल्या घरी हलवली. आतलं वायरिंग करायला बत्ती स्वतः आला. त्याने मला खिडकीशी बसवलं, तिरकी पट्टी फडक्याने पुसली, खुर्चीतल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एकाची जीभ अडलेली, दुसरीची गेलेली. भाची म्हणाली, बसा ना, आत्या समोरच आहे. त्याने नकारार्थी मान हलवली, सायकल काढली आणि घरी जाऊन नंबर फिरवला.

घंटा वाजली. भाचीने बाईंचा डावा हात कळफलकावर ठेवला. महिनाअखेरचा दिवस होता तो. बाईंनी एक कळ दाबली, चुकली, खोडली. परत दाबली. भाची मदतीला पुढे झाली तर बाईंनी कोपराने तिला बाजूला सारलं. चुकलेलं अक्षर त्यांनी तेव्हाही तसं सोडलं नाही. पलीकडे बत्ती होता. त्याने एका अक्षरानेही मध्ये तोंड घातलं नाही, त्यांचं वाक्य स्वतः पुरं केलं नाही. खिडकीतलं ऊन माझ्या पडद्यावरून सरकून भिंतीवर गेलं, तेव्हा कुठे ओळ पुरी झाली.

“माझं ऐकशील तर तू हो म्हण. पोरं थांबतील. नाही थांबली तर आधी थांबायला शिकव. बोला.”

बत्तीने फक्त लिहिलं, “हो. बोला.”

तेव्हापासून मी याच खिडकीशी आहे. बाई रोज लिहितात. पाना आणि खडू परत आले, बुद्धिबळ पुढे चालू झालं. भाचीही कार्यालयातून आली की नंबर फिरवते, पलीकडच्याच खोलीतून, घरच्या दुसऱ्या लाइनवरून, आणि लाइन व्यस्त मिळाली की चहा टाकते. ग्रुपही चालूच आहे. मी त्याच्यावर थोडा जळतो, पण तो बंद पडावा असं मला वाटत नाही.

मित्रांनो, मला धूळ पुसून काचेच्या कपाटात मांडू नका. माझा एखादा भाग उद्या जळेल, कदाचित मीच जळेन. त्याचं दुःख करू नका. पण तुमच्या घरात, वर्गात, त्या चकचकीत फोनच्या ग्रुपवर कुणीतरी असेल, ज्याचं वाक्य सुरू होऊन अर्ध्यावर थांबलंय. ते तुम्ही पुरं करू नका आणि पुढे निघूनही जाऊ नका. मी एवढ्या वर्षांत एवढं एकच काम केलं, आणि तुमचं कुठलंही नवं यंत्र आलं तरी हे काम जुनं झालंय असं मी मान्य करणार नाही.

माझं संपलं. बोला.