जोडीतला एकच मोजा

“दुसरं कोण घेणार मोजे? वाळत घालायची दोरी तुझ्याच ताब्यात ना?” गाइड नोर्बेर्तो सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्यावर ओरडला.

“हो ना, सूप केलं आणि प्यायलो,” मी म्हणालो.

“यांद्री, तोंड आवर!” मामा मध्ये पडला. हा एउसेबियोमामा, पाहुण्यांना बेटं दाखवणाऱ्या आमच्या बोटीचा कप्तान. शाळा सोडल्यापासून मी त्याच्याच बोटीवर. “मोजे सापडले नाहीत तर इसाबेलाला उतरायचं. परत यायचं नाही.”

इसाबेला म्हणजे आमचंच बेट. तिथे चोर म्हणून उतरलो की संपलं, कुणीच बोटीवर घेणार नाही.

पण मला कळेना, पाहुण्यांचे गेले ते सगळे जाडे मोजे, आणि तेही प्रत्येक जोडीतला एकेकच. चोर काय लंगडा आहे?

पाहुणे प्राणी बघून परत आले की मागच्या फळीवर बसतात आणि मी त्यांचे बूट घासून धुतो. एका बेटाची वाळू, बी दुसऱ्या बेटावर जाता कामा नये. सगळ्यांचे बूट माझ्या हातून जातात, नोर्बेर्तोचे सोडून. तो आपले आपण धुतो, पाठ करून. आज त्याच्या पिशवीच्या चेनमध्ये निवडुंगाची पिवळी पाकळी अडकली होती. पाहुण्यांनी फुलाला नुसतं बोट लावलं तरी हाच अंगावर जातो! आणि ती फुलं खातात कोण? जमिनीवरचे इग्वाना, ते मोठाले सरडे.

बोट नांगरून पडली होती. जेवताना नोर्बेर्तो पाहुण्यांना ज्वालामुखी कसा फुटतो ते हात उडवून सांगत होता. मी सटकलो, त्याच्या खोलीत गेलो. पलंगाखाली तीच पिशवी होती. आत मोजे, तोंडाला गाठी मारलेले. मी एकाला हात लावला. तो हलला, आतून बारीक नखं टोचली. इग्वानाची पिल्लं, चोरून विकायला!

तसाच वर पळालो. सुकाणूच्या खोलीत मामा एकटा होता.

“मामा, मोजे सापडले! नोर्बेर्तोच्या पिशवीत!”

मामा वळलासुद्धा नाही. “जिवंत आहेत ना?”

आत काय आहे ते मी सांगितलंच नव्हतं.

“कोण जिवंत, मामा?”

तो वळला. चेहरा पांढरा पडलेला. “बाळा, दार लाव. बस इथे. तुला नाही कळायचं.”

दार लावलं मी, पण बाहेरून. कडी घातली, खाली धावलो, पिशवी उचलली आणि रबरी होडीत उतरलो. समोर धक्का दिसतोय, बेटांवरचे प्राणी जपणारे पार्कचे रखवालदार तिथेच असतात. वर मामा दारावर लाथा घालतोय, “यांद्री, बोट जप्त करतील रे माझी!” आणि नोर्बेर्तो जिना उतरतोय, पाहुण्यांकडे बघून हसत हसत.

इंजिन लागलं. निघायला हवं मला.