बेचक्यातली चिप

"सोमवारपासून हातात चिप नसेल त्याला फाटक उघडणार नाही," मुकादमानं भर गोठ्यात सांगितलं, आणि धारवालीनं बादली अशी आदळली की बसलेल्या गायी उठून उभ्या राहिल्या.

"गायींच्या मानेत टोचल्या तेव्हा त्यांना मीच धरलं होतं. आता मला कोण धरणार, तुम्ही?"

"मावशी, तांदळाच्या दाण्याएवढी तर असते! पास हरवतो, हात काही हरवत नाही."

"पास घरी गेल्यावर खुंटीला टांगता येतो. हात टांगू?"

सगळे खो खो हसले. हसणाऱ्यांनीच मग शनिवारी निमूट रांग लावून टोचून घेतलं.

त्या मोठ्या गोठ्यात धारा यंत्रानंच निघायच्या. यंत्राला बुजणाऱ्या, सड चिरलेल्या गायी तेवढ्या धारवालीच्या वाट्याला यायच्या. सध्या तिच्याकडे पहिल्या वेताची, सड चिरलेली एक तांबडी होती. यंत्राचा आवाज आला की ती थरथरायची, आणि धारवालीखेरीज कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. धारवालीच्या दारात जन्मात गाय बांधली गेली नव्हती. ही आपलीच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

घरी नवऱ्यानं तिची समजूत काढायला घेतली. त्याच्या छातीत दोन वर्षांपूर्वी हृदय चालवायचं यंत्र बसवलेलं.

"माझ्या छातीत बॅटरी आहे, मेलो का मी? उलट तिच्यामुळे तुझ्याशी भांडायला उरलोय."

"तुमचं यंत्र तुमच्यासाठी चालतं. हे कुणासाठी चालणार?"

तो म्हणाला, "आणि तुला फाटकातच घेतलं नाही, तर तांबडीचं कोण बघणार?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं मेल्यानं. रविवारी ती टोचून घ्यायला गेली.

टोचणाऱ्या डॉक्टरनं तिचा उजवा हात ओढला आणि अंगठ्याच्या बेचक्यात सुई टेकवली.

"तिथं नको हो, डॉक्टर. धार काढताना माझी मूठ तिथंच आवळते. दंडात टोचा."

"मग फाटक काय दंडानं उघडणार? सगळ्यांना इथंच टोचलंय, मावशी."

बरोबरच आहे. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. त्या बाबानं जन्मात गायीखाली बसून पाहिलं नव्हतं, त्याला मूठ काय ठाऊक!

सूज उतरली, गाठ राहिली. सड मुठीत घेऊन अंगठा दाबला की दाणा आत सरकायचा, कळ थेट खांद्यात जायची आणि मूठ अर्ध्यावर सुटायची. चिरलेल्या सडाला हिसका बसायचा. पहिल्या दिवशी तांबडीनं पाय उचलला, दुसऱ्या दिवशी बादली उडवली, तिसऱ्या दिवशी धारवालीच्या गुडघ्यावर लाथ घातली. एकट्या डाव्या हातानं कास रिकामी होईना. मुकादमानं यंत्र लावून पाहिलं, तर तांबडीनं दूधच चोरलं, थेंब सोडला नाही. आठवड्यात कास दगडासारखी टणक झाली आणि दोन सड कायमचे गेले.

धारवाली डॉक्टरकडे धावली. "काढा हे. आत्ताच्या आत्ता."

"आम्ही फक्त बसवतो. काढायची सोय आमच्याकडे नाही. आणि काढली तर आत कशा याल?"

तिनं त्याला तोंडाला येईल ते ऐकवलं. पण खरा राग स्वतःवरच होता. मुकं जनावर विश्वासानं उभं राहिलं आणि आपण आपल्या हातानं त्याचं वाटोळं केलं, हे तिला सोसवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी विकलेल्या तांबडीला न्यायला ट्रक आला. दावं ओढून, शेपटी पिळून तिला एकदाचं वर चढवलं. ट्रक फाटकाशी जाऊन उभा राहिला, मागोमाग धारवालीही आली. ट्रकवाला बाहेरचा, त्याच्या हातात चिप कुठली! मुकादम मागे फळी दाबून उभा होता. त्यानं तिथूनच हाक मारली.

"मावशी, जरा हात लावा की!"

तिनं लावला. दिवा हिरवा झाला, फाटक पहिल्या फटक्यात उघडलं. वर तांबडी तिच्याकडे मान वळवून हंबरली.

"उद्यापासून इथंच बसा," मुकादम हात झटकत म्हणाला. "बाहेरच्या गाड्यांना उघडायला कुणीतरी लागतंच. धारेचं काही तुमच्यानं होत नाही आता."

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "आज काय झालं?"

"फाटकावर बसवलं मला."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"बरं झालं बाई," तो म्हणाला. "बसून काम. हाताला त्रास नाही."