दोघांपुरती ढील

सासरे-सुनेत पान्यांची देवघेव चालू होती. बोलणं मात्र आदल्या संध्याकाळपासून थांबलेलं. दुसऱ्या शहरातली नोकरी पत्करल्याचं सुनेने सांगितलं, तेव्हा सासरे एवढंच म्हणाले होते, "त्याची गाडी घेऊन जा. पण चेन बदलल्याशिवाय नाही."

'त्याची' म्हणजे त्यांच्या मुलाची, तिच्या नवऱ्याची. तो वारल्यापासून ती मोटारसायकल जिन्याखाली झाकून ठेवलेली होती. आणि घरात आता ही दोघंच.

हयात गॅरेजमध्ये घालवलेल्या सासऱ्यांनी मागचं चाक उतरवलं. चेन ज्यांवर फिरते त्या पुढच्या-मागच्या दातेरी चकत्या झिजून काट्यांसारख्या टोकदार झाल्या होत्या.

"नुसती चेन बदलून भागणार नाही का, बाबा?" तिने अखेर विचारलं.

"नवी चेन हे जुने दाते खाऊन टाकतील. बदलायचं तर सगळंच." मग जुनी चेन वर धरून ते म्हणाले, "तुझ्या सासूच्या जातीची. जन्मभर कुरकुर, पण तुटली नाही कधी."

ती हसली. हसू ओठांवर आलं आणि तिथेच विझलं.

दोन्ही चकत्या बसल्या, चेन चढली, चाक जागेवर आलं. सासऱ्यांनी चेनवर खालून बोट टेकवलं, ती किती उचलली जाते ते पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

तिनेही बोट लावून पाहिलं. चेन सैल होती. या घरात येऊन एवढं तीही शिकली होती: मागे कुणी बसलं की चेन ताणली जाते, म्हणून दोघांच्या गाडीला ढील जास्त सोडायची.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही दोघांची झाली."

त्यांचा हात चाकावरच थिजला. ते पुटपुटले, "हाताला सवय आहे गं."

"एकटीच्या मापाने करा."

त्यांनी पाना नटाला लावला. पण फिरवला नाही. तो त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. "तूच कर."

तिने नट सैल केला, चाक किंचित मागे ओढलं, पुन्हा घट्ट आवळलं. जास्तीचा सैलपणा गेला. काळवंडलेले हात पुढे धरून ती तशीच बसून राहिली.

"सुट्टीला येत जाईन मी, बाबा. इथेच. येऊ ना?"

सासऱ्यांनी जुनी चेन आणि झिजलेल्या चकत्या गोळा केल्या, छातीशी धरल्या आणि मागे न पाहता ते घरात निघून गेले.