पूजेतलं मीटर

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचे नाहीत. दत्तोबा नाव. सारी नोकरी सिकंदराबादला रेल्वेच्या डब्यांच्या बॅटऱ्या सांभाळण्यात गेली. रिटायर होऊन तारनाक्याच्या घरी बसले, तेव्हापासून जगातल्या सगळ्या बॅटऱ्यांचे डॉक्टर हेच.

त्यात आमच्या युवराजनं राहायची गाडी घेतली. टेम्पोच तो, पण आत पलंग, शेगडी, फ्रीज, पंखे, सगळा संसार. कुकटपल्लीच्या निखिलनं बनवून दिलेली. मागच्या पलंगाखाली ह्या संसारासाठी वेगळी मोठी बॅटरी. गाडी चालली की ती आपोआप चार्ज व्हायची. दसऱ्याला सून चारुलता आणि नात तारी यांना घेऊन श्रीशैलमला जायचं ठरलं. तारी तर आठवडाभर "मी मागच्या पलंगावर झोपणार" म्हणून डोकं खात होती.

खंडेनवमीच्या सकाळी युवराज तोंड पाडून आत आला. "आप्पा, बॅटरी चार्जच होईना. लाल दिवा लागलाय."

हे नुकतेच पूजा करून उठले होते. पाटावर नट आवळायचे पाने, पक्कड, टेस्टर आणि ह्यांचं बॅटऱ्या मोजायचं लाडकं मीटर, सगळ्यांना हळदीकुंकू लावून झेंडू वाहिलेला. आमच्यात एकदा पूजेत बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं वाटून होईस्तोवर उचलत नाहीत. सासऱ्यांच्या काळी नांगराला जे लागू होतं, ते आता मीटरला लागू झालं.

युवराज म्हणाला, "निखिलचं दुकान बंद आहे, फोन उचलत नाही. तुम्ही मीटर लावून बघा ना."

"येडा झालास का? पूजेतलं उचलू?"

मग माझी जीभ वळवळली. "मग काय उपयोग तुमच्या चाळीस वर्षांचा? नुसत्या गप्पा!"

झालं. तडक गाडीत जाऊन बसले. फ्यूज पाहिला, वायरी हलवून पाहिल्या, इंजिनाचा पट्टा दाबून पाहिला. सगळं ठीक. मग घरातून वायर ओढून विजेवर लावली, तरी लाल दिवा तसाच. "इंजिनाकडून घेईना, घरच्या विजेवरून घेईना. म्हणजे खोट बॅटरीच्या अंगातच. उपाशी राहून झोपलीय. आमच्या डब्यातल्या अशाच झोपायच्या. जबरदस्तीनं पाजली की उठते."

बॅटरीवर एक लहान डबी होती, करंट तिच्यातून जायचा. तिनंच वाट अडवलीय म्हणाले. नट बोटांनी सुटणारे होते. ह्यांनी डबीच्या दोन्ही बाजूंना एक जाड वायर जोडली, डबीला वगळून. हिरवा दिवा लागला.

"बघ सत्यवती! हत्याराला हात लावला नाही, आणि काम फत्ते!"

खरं सांगते, मला अभिमान वाटला. रात्रभर बॅटरी घरच्या विजेवर ठेवली.

दसऱ्याला जेवणं झाल्यावर मी पोळ्यांचा डबा ठेवायला गाडीत चढले, तर आत नेलपॉलिशचा वास. गोडसर, नाकात बसणारा. माझं टाळकंच सणकलं. "चारुलता, निघायच्या वेळेला नखं रंगवत बसलीस होय गं?"

ती बिचारी हात पुढं करून म्हणाली, "नाही हो आत्याबाई, मी कुठं लावलंय?" नखं कोरीच होती. मी म्हटलं, तारीनं सांडलं असेल. पोरीच्या पाठीत एक हलका धपाटाही घातला. ती रुसून मागच्या पलंगावर जाऊन बसली. गाडी निघाली तरी टाटासुद्धा केला नाही.

संध्याकाळी जम्मीची पानं वाटून झाली, तेव्हा निखिलचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर घेतला. "काका, सणामुळं गावाकडं होतो. युवराजभाईंचे फोन पाहिले. लाल दिवा असेल तर गाडी नेऊ नका म्हणावं, मी उद्या येतो."

ह्यांनी मिशीवर हात फिरवला. "काम झालं रे. त्या डबीवरून सरळ वायर टाकली मी."

निखिल हळू बोलला, "काका, ती डबी खराब नव्हती. आतला एखादा सेल बिघडला की ती चार्ज बंद करते. मुद्दाम करते. ही तुमच्या डब्यातली ॲसिडवाली बॅटरी नाही, लिथियमची आहे. तुम्ही सेल मीटरनं मोजले नाहीत?"

ह्यांनी पाटावरच्या मीटरकडं पाहिलं.

"कसला वास आला होता का? नेलपॉलिशसारखा? सेल गळायला लागला की येतो तसा."

मी फोन ओढून घेतला. "आला होता रे! आता काय करू?"

"काकू, त्यांना आत्ताच्या आत्ता गाडी थांबवून खाली उतरायला सांगा. मागं कुणी नको, बॅटरी कधीही पेट घेईल. मी जंगलातल्या चौकीवर फोन लावतो."

युवराजला लावला. तेलुगू बाई बोलली, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. चारुलताला लावला, तीच बाई. श्रीशैलमच्या वाटेवर नल्लमलाचं जंगल लागलं की तिथं फोनच लागत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. मी देवाला हाका मारल्या, ह्यांना शिव्या घातल्या, मग पुन्हा फोन लावला. हे उठले, पाटावरचं मीटर उचललं आणि कुंकू लागलेलं ते तसंच मांडीवर घेऊन खाली बसले. "उचललं असतं गं मी," एवढंच म्हणाले.

तेव्हा दिसलं, पूजेच्या गडबडीत चारुलताचा एक आवाजी मेसेज ऐकायचा राहिला होता. जंगलाच्या फाटकापाशी, सिग्नल जायच्या आधी पाठवलेला. मी लावला. गाडीची घरघर, बाहेर पाऊस, आणि तारीचा आवाज.

"आज्जी, मी आता रुसले नाही. आजोबांना सांग, हिरवा दिवा आहे. बाहेर खूप थंडी आहे, पण माझी गादी खालून गरम गरम झालीय. मी झोपते हं."

मी पुन्हा फोन लावला. तीच तेलुगू बाई बोलली.