शेवटच्या पानापासून

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि मला एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं. होकार उद्याच कळवायचा होता. मी कंपनीचा वार्षिक अहवाल बाबांपुढे ठेवला. अडतीस वर्षं त्यांनी वर्तमानपत्रात कंपन्यांवर लिहिलंय. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी तो शेवटच्या पानापासून उघडला.

"बाबा, अध्यक्षांचं पत्र पुढे आहे!"

"पुढे फोटो असतात गं. लपवायचं ते मागे, बारीक अक्षरात." नातीने पानाचा कोपरा तोंडात घातला. "खा बाई, आजोबांचंही पोट यावरच भरलंय."

मग ते थबकले. "तीन वर्षांत तीन ऑडिटर बदलले. का सोडून गेले असतील?"

"कंपनी बुडतेय?"

"मला काय ठाऊक? विचार की त्यांनाच."

मी फोन लावला. आतापर्यंत गोड बोलणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा आवाज प्रश्न ऐकताच कडक झाला. म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच अहवालाने," मी म्हटलं.

नोकरीला मी नकार कळवला. पण ते तिघं गेले का, हे कोडं काही सुटेना. बाबा तर नातीला माझ्याकडे देऊन त्यातल्या एकाचा नंबर शोधायलाही लागले होते.